लांबची भावकी

आमच्या भागात नवा माणूस दिसला की त्याला आधी पाणी विचारत नाहीत, गाव विचारतात. मग आडनाव. आडनावावरून पत्ता लागला नाही तर तिसरा प्रश्न ठरलेला, "भावकी कुठली म्हणायची तुमची?" एवढं कळलं की त्याला कुठं बसवायचं, कुठल्या कपात चहा द्यायचा, सगळं आपोआप ठरतं. आता असं कुणी करत नाही म्हणतात. करतात. मी रोज बघते.

सरांना हा प्रश्न कुणी विचारला की सर खुर्ची पुढं ओढायचे. "भावकी लई मोठी हाय हो आमची. कुठून सांगू? वानरापासून सांगू का माशापासून?" विचारणारा हसायचा. सर हसायचे नाहीत. "माशापासून सांगायचं तर आजचा दिवस पुरायचा न्हाय. वानरापासून सांगतो, चहा येईस्तोवर व्हतंय." आणि खरंच सांगायला लागायचे. परंड्याहून कुर्डुवाडीला जाणाऱ्या एस.टी.त एका गृहस्थानं त्यांना भावकी विचारली आणि तो मधल्याच एका फाट्यावर उतरून गेला. तिकीट त्याचं कुर्डुवाडीचं होतं. मी मागच्याच सीटवर होते. सरांनी मात्र तोवर उभ्या जन्मात हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. परंड्यापासून थोडं आत एक खेडं आहे, तिथली ही संस्थेची शाळा. मी शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा सरांच्या निवृत्तीला चारेक वर्षं उरली होती. मी गणित शिकवायची आणि कमी पडलं तर विज्ञान. मी तोंडाची फटकळ आणि पोटातून भित्री. हे आधीच सांगून ठेवते, कारण या माणसाविरुद्ध एक कागद गेला होता आणि त्या कागदावर माझी सही आहे. ती गोष्ट त्यांना माझ्या तोंडानं सांगायची राहिली होती. सांगायला मला बारा वर्षं लागली.

सर दिसायला चारचौघांसारखेच. पांढरा शर्ट, नायलॉनची पिशवी, पिशवीत भिंग, दोन-चार हाडं आणि डब्यातला कांदा. केसांचा तेवढा भारी शौक. खिशात कंगवा असायचा आणि तासाला जाण्याआधी भांग पाडूनच जायचे. बाकी त्यांचं वागणं बघून नवीन माणूस हबकायचा. शाळेच्या भिंतीवर कावळा बसला की "काय काका, लवकर आज?" विहिरीतल्या माशांना "आज्जीबाई". स्टाफरूममध्ये एक जाडजूड पाल होती. शिपाई झाडू घेऊन तिच्यामागं लागला की सर आडवे व्हायचे. "असू दे रे. लांबच्या हायेत, पण आपल्यातल्याच हायेत."

आमचं घर लिंगायताचं, मटण वर्ज्य. सर मात्र रविवारी मटण खायचे, तेही बोटं चाटून. मी एकदा चिडवलं, "सर, शेळी भावकीतली ना तुमच्या? मग भावकीला खाता कसे?" सर शांतपणे म्हणाले, "भावकीच भावकीला खाती बाई. तुमच्याकडं बांधाचं भांडण न्हाय का?" आमच्याकडं होतं.

दहावीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा आहे. पुष्कळ मास्तर तो "घरी वाचा" म्हणून सोडून देतात. आठ दिवसांत उरकण्यासारखा, आणि वरून गावात वाद. सर त्या धड्याला तीन आठवडे घ्यायचे. सुरुवात ठरलेली. सगळा वर्ग उभा करायचा आणि प्रत्येकाला स्वतःच्या कण्याचं खालचं टोक चाचपायला लावायचं. पोरी लाजायच्या, पोरं खिदळायची. "काय म्हणते तुमची आई या हाडाला?" "माकडहाड!" "मग? पडल्यावर तुमची आई काय इंग्रजी पुस्तक वाचून म्हणते व्हय माकडहाड दुखावलं? शेपूट गेलं, हाड ऱ्हायलं. बसा खाली."

ज्या इंग्रज माणसानं हा सिद्धांत मांडला, त्याचं नाव सर तोंडानं कधी घेत नसत. फळ्यावर लिहायचे, पण बोलताना 'आजोबा'. वडीलधाऱ्यांचं नाव घेऊ नये, एवढंच कारण द्यायचे. त्यांच्या भाड्याच्या खोलीत आजोबांचा फोटो होता, पांढरीशुभ्र दाढी, खोल डोळे. येणारा-जाणारा आधी फोटोला हात जोडायचा. "कुठले महाराज म्हणायचे हे?" काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या, "यांचे हायेत." गुरुपौर्णिमेला तर काकू चक्क हार घालून कुंकू लावायच्या. मी सरांना म्हटलं, "तुम्हाला चालतं हे?" तर म्हणाले, "आजोबांची बायकोबी लई देवभोळी व्हती. त्यांनी तिचं मन कधी मोडलं न्हाय. मग आपण कोण मोडणार?"

आता एक माझं सांगते. माझं माहेर सास्तूर. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. माझी धाकटी बहीण त्यात गेली. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये कुणी म्हातारी आईला म्हणाली, कुणाच्या तरी पापानं धरणी कोपली. मी आदल्या संध्याकाळी बहिणीच्या हातातलं गणपतीच्या प्रसादाचं खोबरं हिसकावून खाल्लं होतं. सात वर्षांच्या पोरीनं ते दोन्ही जोडलं आणि तशीच मोठी झाली. पुढं मी बी.एस्सी. केलं, प्लेट कशा सरकतात ते पाठ करून लिहिलं, पण खोबरं काही पोटातून गेलं नाही. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. एकदा रिकाम्या तासाला सर दगडांच्या थरांबद्दल काहीतरी सांगत होते आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं.

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "बाई, जमीन हलते. तिला कान न्हाईत, डोळे न्हाईत. कुणी खोबरं घेतलं, कुणी न्हाय घेतलं, तिला काय कळतंय? तिचा आपल्यावर राग न्हाय." मग म्हणाले, "आन् सात वर्षांच्या लेकरानं बहिणीचं खोबरं हिसकावायचंच असतंय. करडंबी तेच करत्यात." मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सरांनी त्यांचा खडूनं भरलेला रुमाल पुढं सरकवला आणि पेपर तपासायला घेतले. त्या दिवसापासून मी खोबरं खायला लागले. ही थट्टा नाही, त्याआधी मी खात नव्हते.

असा माणूस, आणि त्याच्याविरुद्ध मी सही केली.

सांगते, पण आधी शेरडांच्या आजीचं सांगायला पाहिजे. गावाबाहेर वस्तीवर एक आजी शेरडं राखायच्या, आपली उस्मानाबादी, काळीभोर. सर दर बाजाराच्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. एके दिवशी त्यांना सरळ वर्गात घेऊन आले, खुर्चीवर बसवलं आणि स्वतः पोरांच्यात बाकावर बसले.

"आजी, बोकड कुठला राखता तुम्ही?"

"कुठला म्हंजे? बघून राखावा लागतंय. ज्या शेरडीला दोन-दोन करडं व्हत्यात, तिच्या पोटचा. पायानं उंच पायजे. आन् चैतात जिचं दूध आटत न्हाय, तिचा."

"बाकीचे?"

"बाकीचे बाजारात."

"तुमच्या आज्जीच्या वक्ताला शेरडं अशीच व्हती का?"

"छ्या! बारकी व्हती. राखून राखून अशी झाली."

सर उठून उभे राहिले. "आता शेवटचं. ही शेरडं तुमी राखता. रानात ससा हाय, हरीण हाय. त्यांच्यातलं कुणी ऱ्हायचं आन् कुणी न्हाय, हे कोण ठरवतंय?"

आजींनी पदर सारखा केला, खिडकीतून बाहेर बघितलं. "कोण ठरवणार बाबा? दुष्काळ."

सर मटकन बाकावर बसले. "संपला धडा," म्हणाले. पुढचे तीन आठवडे शिकवायचं होतं ते शिकवलंच, पण धडा आजींनीच संपवला असं शेवटपर्यंत म्हणायचे.

त्या दिवशी सर भलतेच खुशीत होते. स्टाफरूममध्ये चहा पिताना म्हणाले, "आजोबाबी असेच कबुतरं पाळणाऱ्यांच्यात जाऊन बसायचे. त्यांना सगळं कळलं. आन् कळल्यावर काय केलं ठाव हाय? कागद कपाटात ठिवले. वीस वर्षं."

"का?"

"भ्याले. लोक काय म्हणतील, बायकोला काय वाटंल. मग एक दिस टपाल आलं. लांब कुठल्या बेटावर एक माणूस तापानं फणफणलेला, त्यालाबी हेच सुचलेलं. त्यानं विश्वासानं आजोबांनाच लिवलं. ते पत्र दाबलं असतं तर कुणाला कळणार व्हतं? पण दाबलं न्हाय. दोघांचं एका बैठकीत वाचलं गेलं. तवा कुठं कपाट उघडलं."

मी म्हटलं, "एवढा मोठा माणूस, आणि भित्रा?"

"बेशक भित्रा! भिणं काय गुन्हा न्हाय बाई. जे भ्यालं ते पळालं, जे पळालं ते वाचलं, आन् वाचलं त्याचीच आपण लेकरं. भित्र्यांचीच अवलाद हाय आपली. फकस्त वीस वर्षांनी का व्हईना, कपाट उघडाय पायजे."

मी हसले तेव्हा. मला काय माहीत.

त्या वर्षी शाळा समितीच्या अध्यक्षांची नात दहावीत होती. सरांनी घरचा अभ्यास दिला, स्वतःची वंशावळ काढून आणा, जेवढं मागं जाता येईल तेवढं जा. पोरगी टापटिपीची. तिनं अध्यक्षांनाच विचारून खापरपणजोबांपर्यंत नावं सुवाच्य अक्षरात लिहिली, रेघा मारल्या. त्याच्यावर लिहिलं, 'मधली नावं माहीत नाहीत'. त्याच्यावर 'वानरासारखे पूर्वज'. आणि सगळ्यात वर 'मासा'. सरांनी पैकीच्या पैकी दिले.

त्याच सुमाराला तिच्या जातीच्या दाखल्याची फाईल घरात चालली होती. ज्यानं दाखला काढलाय त्याला माहीत असेल, वंशावळ जोडावी लागते. अध्यक्षांनी चष्मा न लावता समोरच्या टेबलावरची वंशावळ उचलली आणि फाईलला लावली. कचेरीत भर गर्दीत खिडकीतल्या भाऊसाहेबांनी कागद वाचायला घेतला. अर्जदार, वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, मधली नावं माहीत नाहीत, वानरासारखे पूर्वज, मासा. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाकी ठीक आहे. माशाचा महसुली पुरावा जोडलाय का?"

सगळी कचेरी हसली म्हणतात. मीही ऐकून हसले. पण अध्यक्ष म्हणजे गावात ज्यांच्यासमोर कुणी मान वर करत नाही असा माणूस. ते तिथून थेट शाळेत आले. "आमच्या खानदानाला माकड म्हणतो! मारुतीरायाचा अपमान करतो!" माकड म्हटल्यानं खानदानाचा अपमान होत असेल, तर मारुतीरायाचा अपमान नेमकं कोण करतंय, हे मी विचारायला पाहिजे होतं. तोंड तर फटकळ होतं ना माझं? तेव्हा ते कुठं गेलं होतं कोण जाणे.

अध्यक्षांनी लेखी तक्रार दिली आणि तिच्या जोडीला मुख्याध्यापकांनी कागद तयार केला. सर अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवतात, धार्मिक भावना दुखावतात, आम्ही सहकारी याला साक्षीदार आहोत. धडा पुस्तकात छापलेला होता, पण कागद तसाच फिरला. एकेकानं सही केली. माझ्यासमोर आला तेव्हा मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "बाई, तुमची शिक्षणसेवकाची तीन वर्षं अजून भरायचीत." शेजारच्या वर्गातून सरांचा आवाज येत होता, कुठल्याशा पोराला कांद्याची साल भिंगाखाली कशी धरायची ते सांगत होते. मी सही केली. सातवी सही माझी. नेहमीसारखीच वळणदार आली, याची लाज मला आजही वाटते.

आठच दिवसांत गावात एक वानर विजेच्या तारेला चिकटून मेलं. आमच्याकडं वानर मेलं की माणसासारखं करतात. नवं कापड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला फुलं, टाळ-मृदंग, सगळं गाव मागं. मारुतीच्या देवळामागं त्याला मूठमाती दिली. दहाव्या दिवशी न्हावी पिंपळाच्या पारावर बसला आणि केस द्यायला गडी जमले. पुढाकार अर्थात अध्यक्षांचा.

आणि सर आले. पिशवी पाराला टेकवली, खिशातला कंगवा काढून मला दिला, "धरा बाई," म्हणाले, आणि न्हाव्यासमोर मांडी घालून बसले.

गावात ज्याला त्याला माहीत होतं की वडील वारले तेव्हा सरांनी केस दिले नव्हते. म्हणून त्यांच्या सख्ख्या भावकीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. लग्नकार्याला बोलवत नसत. आता न्हाव्याचा हात थांबला. अध्यक्ष पुढं आले. "सर, तुमी तर देव मानत न्हाय."

"देवाचं तुमी बघा," सर म्हणाले. "माझ्या भावकीतलं गेलंय."

"मग सोताच्या बापाला का न्हाय दिले?"

"तवा द्यायलाच पायजेत म्हणून सगळे बोकांडी बसले व्हते. आज मला कुणी बोलवलं न्हाय. मी आलोय."

न्हाव्यानं वस्तरा लावला. तो भांग, ते जपलेले केस मांडीवर पडत होते आणि सर समोर देवळाकडं बघत होते. कुणी हसलं नाही. मग अध्यक्षांनी टोपी काढली आणि सरांच्या मांडीला मांडी लावून बसले. मी कंगवा हातात धरून उभी. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, बाया म्हणत होत्या, बाईंचा वानरावर लई जीव.

अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी तक्रार मागं घेतली. माणूस तापट, पण दिलाचा साफ. खरं तर तिथंच सगळं मिटायचं. पण कागद संस्थेकडं गेला होता आणि संस्थेनं विचारलं, गावाचं ठीक आहे, पण सात सहकाऱ्यांच्या सह्या आहेत त्यांचं काय? सही मागं घ्यायला सातांतलं कुणी गेलं नाही. मी पण नाही. सरांची बदली झाली, संस्थेच्या दुसऱ्या शाळेवर, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. कुठं? तर सास्तूरला. माझ्या माहेरात.

टेंपोत सामान चढलं, आजोबांचा फोटो काकूंनी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. सर मला म्हणाले, "तुमच्या माहेराकडं चाललोय बाई. आलात की या. आन् धडा घेत जा. घरी वाचा म्हणू नका." मी मान हलवली. कंगवा माझ्याकडंच राहिला.

धडा मी घेते. दर वर्षी, तीन आठवडे. माकडहाडापासून सुरुवात करते. शेरडांच्या आजी वारल्या, आता त्यांची सून येते वर्गात, आणि शेवटच्या प्रश्नाला तीही तेच उत्तर देते. एवढं सगळं केलं, पण सरांकडं गेले नाही. सास्तूर भूकंपानंतर नव्यानं वसलेलं, सरळ गल्ल्या, एकासारखं एक घर. सरांचं घर आमच्या मागच्या तिसऱ्या गल्लीत. निवृत्तीनंतरही ते तिथंच राहिले. मी दर दिवाळीला माहेरी जायची आणि दुकानाला जायचं तरी वळसा घालून जायची. भाऊ सांगायचा, "अक्का, सर तुझी चौकशी करत होते." मी म्हणायची, पुढच्या खेपेला जाते. आजोबांचं कपाट मला रोज आठवायचं आणि वीस वर्षं व्हायला अजून वेळ आहे असं मनाला सांगायची. काय पण हिशोब!

गेल्या दिवाळीला भाऊ म्हणाला, "सर आता माणसं ओळखंना झालेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंगवा पर्समध्ये घातला आणि गेले. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं, गळ्यात पडल्या. भिंतीवर आजोबा, ताजा हार, कुंकू. सर खुर्चीत बसलेले, केस पुन्हा दाट आलेले, सगळे पांढरे. माझ्याकडं त्यांनी अदबीनं बघितलं, परक्या बाईकडं बघावं तसं. काकू चहाला आत गेल्या आणि मी बोलत सुटले. कागद, मुख्याध्यापक, तीन वर्षं, सातवी सही, सगळं. "सर, मी भ्याले होते. तुम्ही मला खोबरं खायला लावलं आणि मी तुमच्याविरुद्ध सही केली. चुकलं माझं." कंगवा त्यांच्या हातात ठेवला. सरांनी तो उलटसुलट करून बघितला, खिशात ठेवला आणि जरा पुढं वाकून विचारलं,

"गाव कुठलं तुमचं?"

मी सांगितलं.

"आडनाव?"

सांगितलं. पुढचं मला माहीत होतं आणि ते सरांच्या तोंडून नको होतं, देवा, या एका माणसाच्या तोंडून नको.

"भावकी कुठली म्हणायची तुमची?"

आत कपबश्या वाजत होत्या. मी डोळे पुसले आणि खुर्ची पुढं ओढली.

"भावकी लई मोठी हाय सर आमची. कुठून सांगू? वानरापासून सांगू का माशापासून?"

सर बघत राहिले. मग हळूहळू त्यांचं सगळं तोंड हसायला लागलं. इतकी वर्षं ओळखते, पण त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

"अगं ए," त्यांनी आत हाक मारली, "चहा ऱ्हाऊ दे, भाकरी टाक. या लांबच्या हायेत, पण आपल्यातल्याच हायेत."

सहीचं त्यांना कळलं का नाही, मला माहीत नाही. मी जेवूनच आले.